हरकतीची मुदत

माणसाने नाव ठेवावं पोराला, फार तर कुत्र्याला. उशीला नाव ठेवायचं आणि वर कार्यालयात जाऊन ते आपल्या मालकीचं करून घ्यायचं, हे माझ्या टाळक्यात शिरायला बराच वेळ लागला. मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लोक यायचे, तोंडाने नाव सांगायचे, मी पत्र्यावर लिहून द्यायचो. ते नाव आधी दुसऱ्या कुणाचं आहे का, असं ना कुणी मला विचारलं, ना मी कुणाला.

पण आमची चिमणी धंद्यात उतरली आणि नावाचं भूत घरात शिरलं. चिमणी म्हणजे माझी मुलगी. चाळिशीला टेकली तरी घरात चिमणीच. कपड्यांच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं कापड बेतायची. मान दुखायला लागली तेव्हा तिने स्वतःसाठी एक उशी शिवली, आतले थर काढता-घालता येतील अशी. ती शेजारणीने मागून नेली, मग शेजारणीच्या बहिणीने, आणि बघता बघता आमची पुढची खोली शिलाई मशीन, अभ्र्यांचे ढीग आणि नाकातोंडात जाणारा कापूस यांनी गिळून टाकली. मग एका मोठ्या फर्निचरवाल्याने तिचा माल आपल्या सगळ्या दुकानांत ठेवायचं कबूल केलं. अट एकच, नाव नोंदलेलं पाहिजे. उद्या भलताच कुणी येऊन हे नाव आमचं म्हणायला नको. त्या शब्दावर चिमणीने नोकरी सोडली. नवऱ्यापासून ती केव्हाच वेगळी झाली होती. म्हणजे आता उशी चालली तरच घर चालणार होतं.

नाव मात्र मिळेना. चिमणी नाव काढायची, वकीलबाई नोंदी तपासायच्या आणि फोनवर म्हणायच्या, "हेही गेलंय." जगातल्या प्रत्येक चांगल्या शब्दावर कुणी ना कुणी आधीच रुमाल टाकून ठेवला होता. चिमणी रडकुंडीला आली. तशात एका सकाळी मी दाढी करता करता सहज म्हणालो, "साखरझोप ठेव की."

चिमणीच्या हातातली कात्री थांबली. "परत म्हणा, बाबा."

"साखरझोप. पहाटेची, गोड..."

"मला अर्थ माहीत आहे हो. पण सुचलं कसं तुम्हाला?"

"डोकं लागतं," मी म्हणालो आणि गालावर ऐटीत वस्तरा फिरवला.

नोंदींत ते नाव नव्हतं. अर्ज जाईपर्यंत चिमणीने आम्हाला घराबाहेर तो शब्द उच्चारू दिला नाही. आत बोलायचं तेही तान्हं मूल झोपल्यासारखं. कुणी ऐकलं आणि आपल्याआधी जाऊन नोंदवलं तर? दारावर पाण्याचा हिशेब घ्यायला माणूस आला तरी ती कागद पालथे घालायची. "नाव ठेवलंय झोपेचं आणि झोप उडवलीय सगळ्यांची," चिमणीची आई म्हणायची. मी मात्र छाती काढून हिंडत होतो. पाट्या आता यंत्रावर छापतात, मला कुणी विचारत नाही. खूप दिवसांनी घरात माझ्या शब्दाला किंमत आली होती, तीही चक्क कायद्याने.

अर्ज पुढे सरकला, नाव छापून जाहीर झालं आणि वकीलबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. आता ठरावीक मुदतीपर्यंत कुणीही हरकत घेऊ शकतं. मुदत कोरडी गेली की नाव आपलं.

"पण नोंदीत तर कुणी नाही ना?" चिमणीने विचारलं.

"नोंदीत नाही. पण नोंद न करता कुणी आधीपासून वापरत असेल, याच धंद्यात, आणि त्याने तसं दाखवून दिलं, तर त्याचा हक्क आधी. तसं सहसा होत नाही. मुदत जाऊ द्या शांतपणे."

शांतपणे कसली जाते! फोन वाजला की चिमणीचा चेहरा उतरायचा. कुरियरवाला शेजारच्या दारात थांबला तरी हिचं मशीन बंद. एकदा जेवता जेवता ती एकदम म्हणाली, "बाबा, आता कुणी आलं ना, तर मी संपले. कारखान्यात परत घेणार नाहीत मला." मी म्हणालो, "कोण येतंय? माझ्या डोक्यातून निघालेलं नाव आहे ते."

मग तिला लहर आली. उशीवर शिवायच्या पट्टीवरची अक्षरं यंत्राची नकोत, बाबांच्या हातची हवीत. मला काय, गगन ठेंगणं झालं. चांगला लांबरुंद कागद घेतला, दोऱ्याने रेघा आखल्या, ब्रश भिजवला. साखरपर्यंत हात मजेत चालला. मग झो काढला. अक्षराचं पोट भरून झाल्यावर हात आपसूक खाली वळला आणि झचं शेपूट पुढच्या पच्या खालून लांबलचक ओढत गेला. प सुद्धा मी नेहमीपेक्षा वर चढवला होता.

मी ब्रश उचलला आणि तसाच बघत राहिलो. कागदावर जागेला तोटा नव्हता. असं शेपूट मी केव्हा ओढतो? पत्रा अपुरा पडतो, शेवटचं अक्षर वर ढकलावं लागतं आणि खाली पोकळी राहते तेव्हा. माझा हात कागदावर लिहीत नव्हताच. तो कुठल्या तरी तोकड्या पत्र्यावर लिहीत होता.

आणि पत्रा आठवला. गोदामांच्या मागची गल्ली. भुवयांत कापूस अडकलेला एक गादीवाला. मी विचारलं होतं, गादी भांडार लिहू का? तो हसला होता. "भांडार नको हो. माणूस गादी कशाला घेतो? साखरझोपेसाठी. तेच लिहा." मी म्हणालो होतो, शब्द मोठा आहे, पत्रा पुरणार नाही. तो म्हणाला होता, "पुरवा."

म्हणजे मला सुचलं नव्हतं. मला आठवलं होतं.

आतून चिमणीने विचारलं, "झालं का हो?"

"हात थरथरतोय आज," मी म्हणालो. कागदाचे तुकडे करून मी खिशात कोंबले. चिमणीच्या आईने माझं तोंड बघून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "पित्त." चाळीस वर्षांच्या संसारात पित्ताने मला फार वेळा वाचवलंय.

सांगायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण सांगायचं काय? की तुझ्या पोटावर मीच पाय दिला? रात्रभर स्वतःची समजूत घातली. कोण जाणे, दुकान बंद पडलं असेल. पत्रा गंजून गेला असेल. गादीवाला मेला असला तर बरं, असंही मनात येऊन गेलं. आलं ते आलं. सकाळी औषध आणतो म्हणून निघालो आणि गोदामांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

पाटी जागच्या जागी होती. पिवळ्यावर लाल. ऊन-पावसाने रंग उडाला होता, पण शेपटासकट एकेक अक्षर ठणठणीत. आणि कोपऱ्यात, आम्हा पेंटर लोकांची खोड, बारीक अक्षरांत माझा पत्ता. चोरी करायची आणि वर सही ठोकायची, असला चोर मीच.

आत एक बाई कापूस पिंजायच्या यंत्रावर होती. डोक्याला फडकं, पापण्या पांढऱ्या. मला पाहून तिने यंत्र बंद केलं.

"काय हवं, भाऊ?"

"काही नाही. पाटी बघत होतो. मी रंगवलेली आहे."

वाटलं होतं, गुमान सटकेन. पण बाईचं तोंड उजळलं. "अगंबाई, पेंटरभाऊ का तुम्ही! अहो, ह्यांना केवढं कौतुक त्या पाटीचं! गिऱ्हाईक आलं की आधी शेपूट दाखवायचे, मग गादी." मग तिने डोक्याचं फडकं नीट केलं. "ते गेले. आता मीच पिंजते, मीच भरते. बसा ना."

मी बसलो नाही. तिथे आणखी कुणी आहे का, टेबलावर वर्तमानपत्र आहे का, कुणाला काही कळलंय का, हेच बघत होतो. चोराच्या मनात चांदणं.

"मुलंबाळं हाताखाली नाहीत?"

"एक मुलगी. लांब दिलीय. फोन करते."

"आणि धंद्याची नोंदणी वगैरे?"

"परवाना आहे ना. तो काय भिंतीवर."

"तसं नाही. नावाची."

"नावाची कशाला?" ती हसली. "वर पाटी आहे की एवढी मोठी."

त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं की बाई, अमुक ठिकाणी जा आणि हरकत घ्या. शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण डोळ्यांपुढे जेवता जेवता बोलणारी चिमणी उभी राहिली, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"पाटी फार जुनी झालीय हो. गंज चढलाय. मी नवी करून देतो. पैसे नकोत."

"खरंच?"

"पण नावही नवं घ्या. हे आता जुनाट वाटतं. हल्लीच्या लोकांना काहीतरी ताजं लागतं."

बाई बाहेर आली आणि मान वर करून पाटीकडे बघत राहिली. "ह्यांनी ठेवलेलं हो," ती म्हणाली. मग ती वळली. "पण तुम्ही त्यातले जाणकार. तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच तसं. कधी येता?"

"दोन दिवसांत," म्हणून मी जो सुटलो तो बसथांब्यापर्यंत मागे पाहिलं नाही.

दोन दिवस गेले, चार गेले. मी गेलो नाही. जायचं म्हटलं की बाईचं उजळलेलं तोंड आठवायचं, नाही गेलं तर पाटी तिथे टांगलेली, माझ्या पत्त्यासकट. उद्या फर्निचरवाल्याचा एखादा माणूस त्या गल्लीतून गेला म्हणजे? बाईच्या मुलीने कुठेतरी वाचलं म्हणजे? एकदा वाटलं, गुपचूप जाऊन पत्र्यावर रंग फासून यावं. या वयात शिडीवरून पडलो असतो, तेवढीच सुटका. दार वाजलं की आता चिमणीच्या आधी मी दचकायला लागलो. आणि चिमणी उलट सैलावली होती. मुदत शुक्रवारी संपत होती. वकीलबाईंचा फोन आला, अजून सगळं कोरडं आहे, तशी ती मशीनवर बसून गाणं गुणगुणायला लागली. "बाबा, शुक्रवार गेला की तुम्हाला नवा शर्ट," ती म्हणाली. मला भरल्या ताटावरून उठावंसं वाटलं.

बुधवारी दुपारी रस्त्यावर हातगाडी थांबल्याचा आवाज आला. चिमणीची आई बाहेर गेली होती. मी खिडकीतून पाहिलं आणि पाचावर धारण बसली. गादीवाली बाई हातगाडीवरून एक लांबट चपटी वस्तू उतरवत होती. गादीच्या जुन्या खोळीत गुंडाळलेली.

"पेंटरभाऊंचं घर हेच ना?" तोवर ती उंबऱ्यात होती. "म्हटलं, भाऊंचं वय झालंय, त्यांना कशाला हेलपाटा? पत्ता पाटीवर होताच. शेजाऱ्याने गाडी दिली."

चिमणी मशीनवरून उठली. "या ना. काय आहे, बाबा?"

मी काही बोलायच्या आत बाईने खोळ सोडली आणि पाटी भिंतीला टेकवून उभी केली.

चिमणीने वाचलं. तिचा रंग उतरताना मी पाहिला, आधी ओठांचा, मग सगळ्या चेहऱ्याचा. बाईला त्यातलं काही कळलं नाही. ती कौतुकाने सांगत होती, की लग्नानंतर दोन वर्षांनी ह्यांनी दुकान काढलं तेव्हाची ही पाटी, की भाऊ स्वतःहून आले, फुकटात नवी करून देतो म्हणाले, नावही नवं घ्या म्हणाले, अशी माणसं हल्ली मिळतात कुठे.

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलंय ते तिला कळलं. आता ही ओरडेल, म्हणून मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. ओरडली असती तर मी सुटलो असतो. पण ती ओरडली नाही. गिऱ्हाइकाशी बोलते त्या गोड आवाजात म्हणाली, "बरं केलंत, मावशी. जुनं नाव कशाला वागवायचं? बाबा आत्ता करून देतील."

ती आत गेली, फळीवरचा पांढऱ्या रंगाचा डबा काढला, पेचकसाने झाकण उघडलं, रंग ढवळला आणि ब्रश माझ्या हातात दिला. "घ्या, बाबा. आधी पांढरा मारा."

इतके दिवस मी सगळ्यांना भीत होतो. वकीलबाईंना, कुरियरवाल्याला, या बाईला, चिमणीच्या रागाला. पण खरी भीती मला तेव्हा वाटली. चिमणीचा आवाज जराही हलला नव्हता. मला जे करायला इतके दिवस धीर होत नव्हता, ते ही पोर एका क्षणात शिकली होती, आणि शिकवणारा मी होतो. अशी माझी मुलगी मी कधी पाहिली नव्हती. मला ती नको होती.

"मावशी, नवं नाव काय घ्यायचं?" चिमणी विचारत होती.

"मला काय कळतंय? तुम्हीच काढा एखादं चांगलं." बाईने पुढे होऊन पदराने पाटीवरची धूळ पुसली. पुसायची पाटी ती पुसून स्वच्छ करत होती. "ह्यांना आवडेल असं काढा म्हणजे झालं."

ब्रशवरून पांढरा थेंब फरशीवर पडला.

"बाई," मी म्हणालो, "हे नाव जुनाट नाही. मी खोटं बोललो. माझ्या मुलीने या नावाने उशा काढल्यात आणि ते नोंदायला टाकलंय. तुमचं नाव आधीचं. तुम्ही हरकत घेतली तर तिचं जाईल. शुक्रवारपर्यंत घेता येते. म्हणून मी पुसायला लावत होतो."

"बाबा!" चिमणी किंचाळली.

बाईला ते उमजायला वेळ लागला. ती हळूच अभ्र्यांच्या गठ्ठ्यावर बसली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. बाजूची एक उशी मांडीवर घेतली, दाबली, शिवणीवरून अंगठा फिरवला, कोपरा उलटा करून आतले टाके पाहिले. मशीनचा दिवा अजून चालू होता. चिमणी भिंतीला पाठ लावून उभी होती.

"मागायचं ना मग," बाई अखेर म्हणाली.

चिमणीने ओठ चावला. "मागितलं असतं तर दिलं असतं तुम्ही?"

बाईने खरोखर विचार केला. "नसतं दिलं," ती म्हणाली. "पण मागायचं तरी."

तिने उशी जागेवर ठेवली, उठली आणि पाटीवर खोळ चढवायला लागली. एकटीला जमेना म्हणून मी दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी पाटी उंबऱ्यापर्यंत नेली. तिथे बाई थांबली आणि वळून चिमणीला म्हणाली, "ती हरकत कुठे घेतात गं? मला त्यातलं काही ठाऊक नाही."

मी चिमणीकडे पाहायचं धाडस केलं नाही. काही कळत नाही म्हणून ती आत निघून जाऊ शकत होती. शुक्रवार दोन दिवसांवर होता आणि या बाईला दुसरं कोण सांगणार होतं?

मशीनच्या दिव्याचं बटण खटकन वाजलं. मग चिमणीचा आवाज आला, अगदी बारीक. "मोठ्या टपाल कार्यालयाच्या समोरची इमारत. दुसरा मजला. डावीकडच्या खिडकीत विचारा." ती पुढे आली. "उद्याच जा, मावशी. शुक्रवारी गर्दी असते. परवाना न्या, जुनी बिलं असतील तर ती. आणि पाटीचा फोटो लागेल."

"फोटो कुठला? माझ्याकडे फोन आहे तो साधा."

चिमणीने स्वतःचा फोन काढला. "खोळ काढा, बाबा," ती म्हणाली. "उन्हात धरा, सरळ." मी पाटी छातीशी धरून रस्त्यात उभा राहिलो आणि तिने फोटो काढला. हात हलल्यामुळे तो धूसर आला, म्हणून तिने आणखी एक काढला.